आई लांबच्या वाटेनं आली

माझं काम विमानांना वाट आखून द्यायचं होतं. वैमानिक विमानात चढतो आणि त्याला हवं तसं जातो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. जमिनीवर एका खोलीत कुणीतरी आधी वारा बघतं, ढग बघतं, कुठल्या देशानं आपल्या आकाशाबद्दल काय सूचना काढली आहे ते वाचतं, इंधन किती लागेल ते काढतं, आणि मग एक कागद तयार होतो. त्यावर दोन सह्या लागतात, एक कॅप्टनची आणि एक त्या खोलीतल्या माणसाची. मस्कतमधल्या अझैबात, जुन्या विमानतळाजवळ, अशा एका खोलीत मी अठरा वर्षं बसले. कंपनी लहान होती. आता ती दुसऱ्या एका कंपनीत विरून गेली आहे.

त्या खोलीच्या काचांना काळी फिल्म लावलेली होती, त्यामुळे भर दुपारीही बाहेर तिन्हीसांजा झाल्यासारखं वाटायचं. एसी इतका थंड, की मे महिन्यात मी शाल घेऊन बसत असे. समोरच्या पडद्यावर आमची विमानं म्हणजे हिरवे बाण. त्यांच्याकडे टक लावून बघत राहिलं तर ती हलत नाहीत. उठून चहा घेऊन यावं, तर एखादं तेवढ्यात समुद्र ओलांडून गेलेलं असतं. आकाशातल्या वाटांवर जिथे जिथे वळायचं असतं त्या जागांना पाच-पाच अक्षरांची नावं असतात. त्यांना अर्थ काही नसतो. मी ती मनातल्या मनात एकामागून एक म्हणत असे, लहानपणी संध्याकाळी परवचा म्हणायचो तशी. म्हणता म्हणता डोळे जड व्हायचे. आपण पृथ्वीच्या पुष्कळ वर कुठेतरी बसलो आहोत आणि खाली सगळे देश पांघरूण घेऊन पडले आहेत, असं वाटायचं.

कागदावर प्रवाशांची नावं नसतात. नुसता आकडा असतो आणि त्यांचं मिळून वजन.

माझा भाऊ जर्मनीत असतो. त्याला मुलगी झाली म्हणून आई तीन महिने तिकडे गेली होती. तिथून ती थेट माझ्याकडे येणार होती, आमच्याच कंपनीच्या विमानानं. सकाळी तिकडून निघून संध्याकाळी मस्कत. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची सगळी नोकरी झाली. ट्रंक कॉलच्या काळात कानाला हेडफोन लावून ती दिवसभर लोकांना लोकांशी जोडून देत असे. अजूनही फोनवर ती स्पष्ट आणि थोडकं बोलते, जणू मागे कुणीतरी लाइन मिळायची वाट बघतंय.

तिच्या प्रवासाच्या दिवशी सकाळच्या पाळीवर मी होते. बाहेर धूळ उठली होती. तिच्यात समोरचे डोंगर पार पुसून गेले होते. आईच्या विमानाचा कागद मलाच करायचा होता. मी नेहमीची वाट पडद्यावर घेतली होती, तेवढ्यात तिचा फोन आला.

"बसले गं विमानतळावर. खिडकीची जागा दिलीय."

"बरं झालं. काही खाल्लंस का?"

"खाल्लं. मला हे सांग, कुठल्या कुठल्या देशांवरून जाणार आम्ही? खाली काय दिसेल ते ओळखता तरी आलं पाहिजे."

मी पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवून सांगायला लागले. आधी डोंगर लागतील, काहींवर अजून बर्फ असेल. मग काळा समुद्र, डाव्या हाताला. मग तुर्कस्तान, ते बराच वेळ चालेल. मग.

मग जो देश होता त्याचं नाव माझ्या तोंडून निघेना.

"मग?" आई म्हणाली.

"मग समुद्र. मग आपण," मी म्हटलं.

"एवढंच? मला वाटलं बरेच देश असतील," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

त्या देशात गेले काही आठवडे लढाई चालली होती. त्यांनी आकाश बंद केलेलं नव्हतं. अमुक उंचीच्या वरून गेलात तर आमची हरकत नाही, अशी त्यांची सूचना होती. त्या सूचनेवर भरवसा ठेवून कितीतरी कंपन्यांची विमानं रोज तिथून जात होती. आमचीही जात होती. पण दोन सरकारांनी आपापल्या कंपन्यांना तिथून जाऊ नका असं कळवलेलं होतं. त्या भागात आल्यावर दिशा दाखवणारी यंत्रं भरकटतात, असं आमच्याच वैमानिकांनी लिहून दिलं होतं. आणि लष्करी हालचालीची एक सूचना, आदल्या दिवसासारखीच, सकाळी आली, तासाभरात रद्द झाली आणि पुन्हा तासाभरानं परत आली. उघड्या म्हटलेल्या आकाशातून गेलेली काही विमानं पूर्वी परत आली नाहीत, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. देश म्हणतो, आम्ही हरकत नाही एवढंच म्हटलं होतं, जायचं की नाही ते कंपनीनं ठरवायचं. कंपनी म्हणते, देशानं बंद कुठे केलं होतं? या दोन वाक्यांच्या मधल्या जागेतून विमान जातं.

मी आखलेली वाट पुसली. दुसरी वाट खालून, दक्षिणेकडून होती. ग्रीसवरून इजिप्त, लाल समुद्र, सौदीचं सगळं वाळवंट आणि मग मस्कत. सव्वा तास जास्त. तेवढं इंधन घ्यायचं तर वजन कमी करायला हवं. आधी कार्गो उतरवला, तरी भागेना, म्हणून काही प्रवाशांच्या बॅगा मागे ठेवायचं लिहिलं. सही केली आणि कागद पाठवून दिला.

थोड्या वेळानं तिकडून कॅप्टनचा फोन आला. हे कॅप्टन ओमानी. दाढी पांढरी झालेली, निवृत्तीला आलेले. लहानपणी मत्रहच्या बाजारात गुजराती दुकानदारांच्या मुलांबरोबर खेळल्यामुळे त्यांना हिंदी छान यायचं. माझ्याशी ते हिंदीतच बोलत.

"सिस्टर, आज लांबचा कागद? काही झालंय का तिकडे?"

"झालं काही नाही, कॅप्टन."

"मग?"

"होणार नाही असं मला सांगता येत नाही."

फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. मागे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"मीही सकाळपासून त्याच सूचना वाचत बसलोय," ते म्हणाले. "मला वाटलं, तू जवळची वाट पाठवशील आणि मला तुझ्याशी भांडावं लागेल. बरं झालं. पण बॅगा राहिल्या म्हणून लोक चिडतील."

"चिडू देत."

"हो. चिडायला सगळे घरी पोचतील, इन्शाल्ला."

त्यांनी सही केली. माझी आई त्या विमानात आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मग मी बाणाकडे बघत बसले. दुसरीही कामं होती, ती मी केली, पण त्या दुपारचं मला आठवतं ते एवढंच. तो हिरवा बाण भूमध्य समुद्रावर होता, मग नाईलच्या त्रिकोणावर. मी डोळे मिटले की आई दिसायची, कपाळ काचेला टेकवून खाली बघणारी. खाली पिवळं, मग निळं, मग पुन्हा पिवळं. सौदीच्या वाळवंटावर वाऱ्यानं ओढलेल्या रेघा असतात, वरून पाहिलं तर कुणीतरी फणी फिरवल्यासारख्या. ती त्या रेघा मोजत असेल असं मला वाटत होतं. मग मोजून कंटाळून तिचा डोळा लागला असेल. माझाही लागत होता. पडद्याच्या वरच्या बाजूला, जवळच्या वाटेवरून, इतर कंपन्यांची विमानं एकामागून एक जात होती. त्यांतल्या एकालाही काही झालं नाही. सगळी सुखरूप उतरली, आईच्या कितीतरी आधी. हे मला इथे लिहिलंच पाहिजे.

आई नुसती पर्स घेऊन बाहेर आली. तिच्या पुढेमागे चिडलेली माणसं होती.

"माझी बॅग तिकडेच ठेवली म्हणे," ती गाडीत बसता बसता म्हणाली. "बऱ्याच जणांच्या ठेवल्या. एक जण तर त्या काउंटरवरच्या मुलीला नाही नाही ते बोलत होता. मी त्याला म्हटलं, अहो, यायची तेव्हा येईल बॅग. कुणाचा हा कारभार?"

"माझा," मी म्हटलं.

ती हसली. तिला ती थट्टाच वाटली. मी गाडी सुरू केली. नवरा कामासाठी सलाला शहरात गेला होता, त्यामुळे घरी आम्ही दोघीच. माझा गाऊन घालून ती नऊ वाजताच झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी मुदीरांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, मला बोलावलं. ते पूर्वी टॉवरवर कंट्रोलर होते. आवाज कधी चढवत नसत. टेबलावर माझा कागद होता.

"वाट उघडी होती," ते म्हणाले. "सगळ्या कंपन्या गेल्या. आपण का नाही गेलो?"

मी सरकारांचे इशारे सांगितले, भरकटणारी यंत्रं सांगितली, येणारी-जाणारी सूचना सांगितली. ते मान हलवत ऐकत होते.

"हे सगळं परवाही होतं," ते म्हणाले. "परवाचा कागदही तूच केलास. तो जवळच्या वाटेचा आहे."

"हो."

"कालच्या विमानात तुझी आई होती असं मी ऐकलं."

"होती."

ते मला दटावत नव्हते. खिडकीबाहेर बघत, जणू स्वतःलाच विचारावं तसं ते म्हणाले, "मग परवाच्या विमानात कोण होतं?"

मी म्हटलं, "आकडा सांगू शकते." मी परत आपल्या जागेवर येऊन बसले.

उत्तर त्याच संध्याकाळी घरी चालत आलं. आमच्या खालच्या मजल्यावर डोंबिवलीचं एक कुटुंब राहतं. त्यातली बाई माझी मैत्रीण. आई आली म्हटल्यावर ती भेटायला आली, हातात आळूवड्यांचा डबा, आणि बरोबर तिची मुलगी. ही मुलगी इथेच वाढली, इथल्याच इंडियन स्कूलमध्ये शिकली आणि आता जर्मनीत शिकते. सुट्टीत येणार हे मला माहीत होतं. कधी, ते मी विचारलं नव्हतं.

"परवा आली," मैत्रीण म्हणाली. "तुमच्याच विमानानं. वेळेच्या आधी पोचली, आम्ही अजून घरीच होतो. मी म्हटलं, काकूंना थँक्यू म्हण."

"थँक्यू काकू," मुलगी म्हणाली. तिचं मराठी जपून पावलं टाकतं. "फ्लाइट एकदम छान होती. मी खूप झोपले. एक्झामचा थकवा होता ना. मला स्वप्नं पण पडली. मी वादीमध्ये, म्हणजे डोंगरातल्या पाण्यात, पोहत होते, आणि पाणी एकदम ग्रीन, आणि कोणीच नव्हतं."

"किती वेळ झोपलीस?" मी विचारलं.

"तुर्कीच्या वर जेवण झालं. मग झोपले. उठले तेव्हा खाली समुद्र होता."

मी ती वाट मनात पुन्हा चालून आले. जेवण झाल्यापासून समुद्र येईपर्यंत. ती पाच-पाच अक्षरांची नावं आपोआप आठवत गेली. त्या सगळ्या वेळात ही पोरगी काचेला डोकं टेकवून हिरव्या पाण्यात पोहत होती, खाली लढाई चालली होती, आणि मध्ये फक्त माझी सही होती. हातातली आळूवडी मी बशीत परत ठेवली. आई माझ्याकडे बघत होती.

त्या दोघी गेल्यावर आई म्हणाली, "काल गाडीत तू थट्टा करत नव्हतीस."

मी तिला सगळं सांगितलं. तिच्या फोनचं, त्या न निघालेल्या नावाचं, परवाच्या कागदाचं. ती शांतपणे ऐकत होती. डोळ्यांत पाणी वगैरे काही आणलं नाही.

"माझ्यासाठी केलंस याचं मला बरं वाटलं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण त्या पोरीसाठी केलं नाहीस. तेही खरंच आहे."

"हो."

"एक्स्चेंजमध्ये असताना पुण्याची एकच लाइन मोकळी असायची आणि मागणारे दोघं. एक ओळखीचे, एक परके. मी ओळखीच्यांना आधी दिलीय. एकदा नाही, पुष्कळदा. त्या परक्या माणसांचं कुणाचं काय अडलं होतं, ते मला कधी कळलं नाही. कळत नाहीच. पुढे आमच्या सुपरवायझर बाईंनी एक पाटी लावली, जो आधी मागेल त्याला आधी मिळेल. मग सोपं झालं. मन चांगलं असायची गरज राहिली नाही."

ती उठून गॅलरीत गेली. समुद्राकडून वारा येत होता आणि धूळ खाली बसली होती. मीही तिथे जाऊन बसले. मला आपण लहान झालो आहोत असं वाटत होतं. आईच्या कामावर मला बसू देत असत तेव्हा मी तिच्या स्टुलाशेजारी बसायचे. ती वायर उचलायची, भोकात घालायची आणि दूरच्या कुणाला तरी म्हणायची, बोला. तेच ऐकत ऐकत मी डुलक्या घ्यायचे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून मी मुदीरांना पत्र लिहिलं. त्यात आईचा उल्लेख केला आणि खालच्या मजल्यावरच्या मुलीचाही. मी लिहिलं की वाट उघडी आहे एवढंच बघून आपण जाऊ नये. कुठल्याही सरकारनं आपल्या विमानांना तिथून जाऊ नका म्हटलं असेल, किंवा यंत्रं भरकटल्याचं आपल्या एकाही वैमानिकानं लिहिलं असेल, किंवा सूचना एका दिवसात दोनदा बदलली असेल, तर जवळचा कागद निघताच कामा नये. सकाळी पाळीवर कोण आहे आणि विमानात कोण बसलंय, यावर ते अवलंबून राहू नये. त्या मुलीच्या दिवशी मी चुकले, आईच्या दिवशी मी बरोबर होते, पण दोन्ही दिवशी मी तीच होते, असंही लिहिलं. ते वाक्य खोडावं असं वाटलं होतं. राहू दिलं.

पत्र आठ दिवस त्यांच्या टेबलावर पडून होतं. मी रोज जाता-येता ते बघत असे. मधल्या दिवसांत माझ्या वाट्याला ते विमान आलं तेव्हा मी लांबची वाट दिली. दुसऱ्यांच्या पाळीला काय झालं, त्याची चौकशी मी केली नाही. ते धाडस मला झालं नाही. वरच्या साहेबांचं म्हणणं मला उडत उडत कळत होतं. सगळे जवळून जातात, आपणच लांबून गेलो तर लोक आपल्याकडे येणार नाहीत. रोज बॅगा मागे ठेवून चालेल का? आणि काही झालेलं तर नाही.

नवव्या दिवशी मुदीर स्वतः आमच्या खोलीत आले. त्यांनी नियम लिहून आणला होता, खाली स्वतःची सही. जवळजवळ माझ्याच शब्दांत होता, फक्त माझी ती कबुली तेवढी वगळली होती.

"खलास," ते म्हणाले. "आजपासून असं. कुणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा."

वरून त्यांना काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या वर्षी त्यांची बढती हुकली. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही, मला माहीत नाही. आम्ही तो सगळा उन्हाळा लांबच्या वाटेनं गेलो. त्या देशानं मध्ये काही दिवस आकाश बंद केलं, मग उघडलं. तिथे प्रवासी विमानाला तेव्हा काही झालं नाही. त्यामुळे आम्ही शहाणे होतो की भित्रे, हे कुणालाच सिद्ध करता आलं नाही. आईची बॅग चौथ्या दिवशीच आली होती.

मुलगी परत जाणार त्याच्या आदल्या आठवड्यात मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. आम्ही अल मवालेहच्या मंडईत गेलो होतो. ती मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होती. मी सांगत असताना तिचे हात थांबले नाहीत. मी थांबल्यावर थांबले.

"मला का सांगितलंस?" ती म्हणाली. "मला कधी कळलं नसतं."

"म्हणूनच."

ती पुढच्या गाळ्यावर गेली. मी मागे मागे. टोमॅटो घेतले, दोडके घेतले. गाडीपाशी आलो. पिशव्या डिकीत ठेवताना तिनं विचारलं, "आता परत कुठून नेणार तिला?"

"लांबून. तो नियमच झालाय."

"कागद तू करशील?"

"माझी पाळी असली तर करेन. नसली तरी तोच होईल."

तिनं मान हलवली. तिचा राग गेला नव्हता. तो पूर्ण कधी गेला असं मला वाटत नाही. आमचं येणंजाणं चालू राहिलं. सणाला डबे खालून वर आणि वरून खाली होत राहिले. पण त्या दिवसापासून घरचं कुणी विमानानं येणार-जाणार असलं की ती मला काही विचारत नाही. आपल्या नवऱ्याला विचारायला लावते.

मुलगी गेली त्या दिवशी पाळी माझी नव्हती. मी घरीच होते. सकाळी आई म्हणाली, चल, समुद्रावर जाऊन येऊ. अझैबाचा किनारा त्या वेळी मोकळा असतो. दोन-तीन कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या. पाणी आणि आकाश एकाच फिकट रंगाचं होतं, मधली रेघ दिसत नव्हती. एक विमान धावपट्टीवरून उठलं, समुद्रावर वळलं आणि त्या फिकट रंगात हळूहळू विरघळून गेलं. आवाज मात्र मागे बराच वेळ राहिला.

"हेच का गं तिचं?" आईनं विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "कुणाचं तरी असेल."

आईनं चपला हातात घेतल्या आणि ओल्या वाळूवरून पुढे चालायला लागली. मी जरा वेळ तिथेच उभी राहिले, मग तिच्या मागून गेले.